सेन्सर दोनदा बदलला, तरी ओव्हनची एरर परत येते? मल्टीमीटर लावून दोष नेमका कुठे आहे ते शोधा

आमच्याकडे भिंतीत बसवलेला इलेक्ट्रिक ओव्हन आहे, ६५ लिटरचा, डिजिटल डिस्प्लेवाला. गेली सहा वर्षं नानकटाई, मावा केक आणि पावाच्या माझ्या सगळ्या ऑर्डरी त्याच्यावरच निघतात. दोन वर्षांपूर्वी दिवाळीच्या तोंडावर, नानकटाईचा दुसरा ट्रे आत असताना, ओव्हनने पीं-पीं केलं, डिस्प्लेवर ‘एफ ३’ आलं आणि कॉइल बंद पडली. मॅन्युअलमध्ये या कोडपुढे एवढंच लिहिलेलं होतं: तापमान सेन्सरमध्ये बिघाड, सर्व्हिस सेंटरला कळवा.

कळवलं. टेक्निशियन आला, सेन्सर बदलला, ओव्हन सुरू झाला. सात-आठ महिने काही नाही. मग पाऊस सुरू झाला आणि जूनच्या अखेरीस पुन्हा तेच. पुन्हा नवा सेन्सर, पुन्हा तीन-चार महिने सुखाचे, आणि ऐन नवरात्रात तिसऱ्यांदा ‘एफ ३’. दोन्ही वेळचे पैसे गेलेच, शिवाय परत कराव्या लागलेल्या ऑर्डरींचा मनस्ताप वेगळा.

दोष सेन्सरमध्ये नव्हताच. तो सापडला कसा आणि तुमच्या ओव्हनमध्ये तो कसा शोधायचा, हे सगळं खाली लिहिते आहे. ज्यांचं ओव्हन सेन्सर बदलूनही पुन्हा पुन्हा रुसतं, त्यांना याचा जास्त उपयोग होईल.

आधी तुमचा ओव्हन कुठल्या जातीचा आहे ते बघा

ही पायरी गाळू नका, कारण पुढचं मोजमाप सगळ्या ओव्हनना लागू नाही.

गोल बटण फिरवून तापमान लावायचं असेल आणि डिस्प्ले नसेल, म्हणजे बहुतेक साधे ओटीजी, तर त्यात इलेक्ट्रॉनिक सेन्सर नसतो. त्यात थर्मोस्टॅट असतो: एकतर उष्णतेने वाकणारी दुहेरी धातूची पट्टी, नाहीतर आत द्रव भरलेली केसासारखी बारीक तांब्याची नळी. नळी फुटून द्रव गळाला की अशा बऱ्याच थर्मोस्टॅटना तापमान कळेनासं होतं आणि कॉइल बंदच होत नाही. तिथे ओहम (विजेला होणारा विरोध मोजायचं एकक) मोजून काही कळत नाही. थर्मोस्टॅट अख्खा बदलावा लागतो.

कन्व्हेक्शन मायक्रोवेव्ह असेल तर त्याची बॉडी घरी उघडू नका. त्यातल्या कपॅसिटरमध्ये प्लग काढल्यानंतरही हजारो व्होल्टचा साठा राहू शकतो आणि त्याने माणूस दगावू शकतो. शिवाय त्यातले सेन्सर बहुधा थर्मिस्टर प्रकारचे असतात. गरम झाले की त्यांचा रेझिस्टन्स कमी होतो, म्हणजे खाली दिलेल्या आकड्यांच्या बरोबर उलटं. ते काम जाणकारावरच सोपवा.

डिजिटल डिस्प्लेवाला, भिंतीतला किंवा गॅसच्या शेगडीखाली बसणारा इलेक्ट्रिक ओव्हन असेल, तर आतल्या मागच्या भिंतीवर वरच्या कोपऱ्यात पेन्सिलीपेक्षा बारीक, बोटभर लांब स्टीलची दांडी दिसेल. तोच आपला सेन्सर. पुढचं सगळं त्याच्याबद्दल आहे.

हा सेन्सर काम कसं करतो

दांडीच्या टोकात प्लॅटिनमचा एक बारीक घटक असतो. प्लॅटिनम तापलं की त्याचा विजेला होणारा विरोध, म्हणजे रेझिस्टन्स, ठरलेल्या प्रमाणात वाढतो. हा धातू भरवशाचा आहे हे १८८७ मध्ये ह्यू कॅलेंडर या इंग्रज शास्त्रज्ञाने दाखवून दिलं, आणि आज कारखान्यांपासून आपल्या स्वयंपाकघरापर्यंत तेच तत्त्व चालतं. शून्य अंशाला १००० ओहम दाखवणाऱ्या सेन्सरला पीटी १००० म्हणतात, ५०० दाखवणाऱ्याला पीटी ५००. घरगुती ओव्हनमध्ये हेच दोन जास्त भेटतात.

पीटी १००० चे आकडे असे: २५ अंशांना १०९७ ओहम, ३० ला १११७, १०० ला १३८५, १८० ला १६८५, २०० ला १७५९. पीटी ५०० असेल तर प्रत्येक आकडा निम्मा करा. मनात एवढं धरून ठेवा की पीटी १००० मध्ये एका अंशाला साधारण पावणेचार ओहम वाढतात. पुढे सगळा हिशोब यावरच आहे.

ओव्हनचं बोर्ड, म्हणजे त्याचं इलेक्ट्रॉनिक सर्किट, हे ओहम मोजतं आणि त्यावरून तापमान ठरवतं. त्याला सेन्सर दिसत नाही, वायर दिसत नाही, मधलं कनेक्शनही दिसत नाही. त्याच्या दोन पिनांमध्ये एकूण किती ओहम आहेत, एवढंच त्याला कळतं. वायर तुटली तर रेझिस्टन्स अनंत होतो. बोर्डाला वाटतं ओव्हन भयंकर तापलाय, आणि ते एरर देऊन कॉइल बंद करतं. दोन वायरी एकमेकींना चिकटल्या तर रेझिस्टन्स शून्याजवळ येतो. बोर्डाला वाटतं आत बर्फ आहे. तेव्हाही ते एरर देतं, नाहीतर कॉइल तापतच राहिली असती.

या दोन टोकांच्या मध्ये जो दोष असतो तोच त्रास देतो. कनेक्शनवर गंज चढून तिथे ५०-६० ओहम जास्तीचे आले, तर बोर्डाला ते तापमान वाटतं. ओव्हन १६५ अंशांवर असताना त्याला १८० झाल्यासारखं दिसतं आणि कॉइल लवकर बंद होते. एरर येत नाही, पण केक मध्ये कच्चा राहतो, आणि आपण पिठाला, अंड्यांना, बेकिंग पावडरला दोष देत बसतो. पहिली एरर येण्याआधी दोन महिने माझा मावा केक मध्ये बसत होता. तेव्हाच हे लक्षात यायला हवं होतं.

उलटा प्रकार दमट हवेत होतो. दांडीच्या आत किंवा कनेक्टरमध्ये ओल शिरली की थोडा करंट त्या ओलीतून पळतो, एकूण रेझिस्टन्स कमी भरतो, बोर्डाला ओव्हन आहे त्यापेक्षा थंड वाटतो आणि पदार्थ करपतात. पावसाळ्यात आठ दिवस बंद असलेला ओव्हन पहिल्यांदा लावल्यावर एरर देतो आणि एकदा तापून ओल उडाली की शहाण्यासारखा चालतो, असं होत असेल तर संशय इथे घ्या. मात्र पावसाळ्यात ओव्हन लावल्याबरोबर घरातला आरसीसीबी (करंट गळला की वीज तोडणारा सेफ्टी स्विच) पडत असेल तर ते वेगळं दुखणं आहे. तिथे बहुधा हीटिंग कॉइलमध्ये ओल धरलेली असते, सेन्सरचा संबंध नसतो.

काही न उघडता आधी हे करा

ओव्हनमध्ये ठेवायचा स्टीलचा साधा थर्मामीटर घ्या आणि मधल्या जाळीवर, बरोबर मध्यभागी ठेवा. १८० लावा. तापल्याची बीप वाजली की लगेच आकडा बघू नका. आणखी वीस मिनिटं जाऊ द्या. मग दर पाच मिनिटांनी दाराच्या काचेतून आकडा लिहून घ्या. दार उघडायचं नाही. चांगला ओव्हनसुद्धा दहा-बारा अंश वर-खाली होतो, कारण कॉइल सुरू-बंद होत असते. म्हणून एका आकड्यावर जाऊ नका, सरासरी काढा. माझे आकडे होते १६१, १५८, १७०, १६३. सरासरी १६३, म्हणजे १७ अंश कमी. हा १७ आकडा लक्षात ठेवा, पुढे त्याचं काम आहे.

थर्मामीटर नसेल तर साखर आहे. साखर १८६ अंशांच्या सुमारास वितळते. फॉइलच्या वाटीत चमचाभर साखर घालून १७५ वर पंधरा मिनिटं ठेवा. ती कोरडी, पांढरी राहिली पाहिजे. मग १९५ वर दुसरी वाटी पंधरा मिनिटं ठेवा. ती वितळली पाहिजे. १७५ लाच पाणी झालं तर ओव्हन जास्त तापतोय, १९५ लाही दाणे तसेच राहिले तर कमी.

याच वेळी चार गोष्टी नजरेखालून घाला. दाराचं रबर कुठे फाटलंय का? सेन्सरची दांडी वाकून भिंतीला किंवा ट्रेला टेकलीये का? तिच्यावर फॉइल किंवा तुपाचा जाड थर आहे का? मागचा पंखा फिरतोय का? यातलं काही सापडलं तर आधी ते दुरुस्त करा आणि पुन्हा मोजा.

काही ओव्हनमध्ये तापमान दहा-पंधरा अंश पुढे-मागे करून घ्यायची सेटिंग असते. दोष सापडेपर्यंत तिला हात लावू नका. लूज कनेक्शन आज १५ अंश खोटं बोलतं, उद्या ४०. त्यावर सेटिंग करून ठेवली आणि कनेक्शन एखाद्या दिवशी आपोआप नीट बसलं, तर सगळा घाणा काळा होतो.

वॉरंटी शिल्लक असेल तर इथेच थांबा, आकडे कागदावर लिहा आणि टेक्निशियनच्या हातात द्या. त्याला सांगा, ‘सेन्सर बदलण्याआधी बोर्डाच्या टोकाशी ओहम मोजून दाखवा.’ एवढं एक वाक्य बोलले असते तर माझा दुसरा सेन्सर वाचला असता.

अप्पांनी दाखवलेली गोष्ट

तिसऱ्यांदा एरर आली तेव्हा मी पुन्हा फोन लावणार होते. माझे सासरे आयुष्यभर वायरमन होते. ते म्हणाले, “थांब जरा. मीटर आण.”

“अप्पा, सेन्सर गेलाय पुन्हा,” मी म्हटलं.

“अगं, दोनदा नवा घातलास ना? मग तो सोड. जे एकदाही बदललं नाही ते बघूया.”

आधी त्यांनी एमसीबी पाडला आणि प्लगही भिंतीतून काढला. हे दोन्ही करा. आपल्याकडे कित्येक घरांत सॉकेटमध्ये फेज आणि न्यूट्रल उलटे जोडलेले असतात. नुसतं बटण बंद केलं तरी आत फेज जिवंत राहू शकतो. ओव्हन रात्रभर थंड झालेला असू द्या, म्हणजे सेन्सर खोलीच्या तापमानाला येतो. हातात जाड मोजे घाला, मागच्या पत्र्याच्या कडा ब्लेडसारख्या असतात. ओव्हन बाहेर ओढायला दोन माणसं लागतात, एकट्याने नको.

आमच्या ओव्हनमध्ये सेन्सर आतून दोन स्क्रूंनी धरलेला होता. स्क्रू काढून दांडी हळूच ओढली की मागून वायर येते आणि तिच्या टोकाला पांढऱ्या प्लॅस्टिकचा दोन पिनांचा कनेक्टर. तुमच्याकडेही तसंच असेल तर ओव्हनच्या बाजूच्या वायरीला आधी चिमटा लावून ठेवा. ती भोकातून मागे निसटली तर अख्खा मागचा पत्रा खोलावा लागतो. काही ओव्हनमध्ये तो खोलावाच लागतो.

मीटर ओहमवर, २००० च्या रेंजवर. आधी प्रोबची दोन टोकं एकमेकांना टेकवून बघा. जो काही अर्धा ओहम दिसेल तो नंतर वजा करायचा. त्या सकाळी स्वयंपाकघरात २९ अंश होते. कनेक्टर सोडवून सेन्सरच्या दोन पिनांवर प्रोब लावले: १११३ ओहम. पीटी १००० साठी २९ अंशांना हाच आकडा यायला हवा. म्हणजे सेन्सर निर्दोष होता. (सेन्सरच्या दोन वायरींना प्लस-मायनस नसतं, कसेही लावा.)

मग अप्पांनी कनेक्टर पुन्हा जोडला, वरच्या पॅनेलमागचं बोर्ड उघडलं, त्यातून सेन्सरचा प्लग काढला आणि त्या प्लगवर मोजलं. ११७१. तोच सेन्सर, तीच खोली, आणि ५८ ओहम जास्त.

५८ भागिले पावणेचार, साधारण सोळा. थर्मामीटर १७ अंश कमी सांगत होता, मीटर १६. तेवढ्या एका भागाकारात माझा वर्षभराचा घोळ उलगडला.

बोर्डाच्या टोकाशी मोजताना प्लग बोर्डातून काढूनच मोजायचा, हे विसरू नका. तो बोर्डाला जोडलेला असेल तर बोर्डाचं आतलं सर्किटही मोजलं जातं आणि आकडा फसवा येतो.

पुढे अप्पांनी एका हाताने प्रोब धरून दुसऱ्या हाताने वायर ठिकठिकाणी हलवायला सांगितली. बोर्डाजवळ हलवली, काही नाही. मध्यावर हलवली, काही नाही. पांढऱ्या कनेक्टरला नुसतं बोट लावलं, तर १२४०, ११५८, मग एकदम ‘ओ एल’, म्हणजे सर्किट तुटलं. बोट काढलं, पुन्हा ११७१. केस वाळवायच्या ड्रायरने कनेक्टरवर दोन मिनिटं गरम हवा सोडली, तर हात न लावताही ‘ओ एल’. ओव्हन तापल्यावरच एरर का येत होती, ते असं समोर दिसलं. धातू गरम होऊन पसरला की सैल पकड सुटत होती.

कनेक्टर वर्तमानपत्रावर ठेवून उजेडात बघितला. सेन्सरकडची पिन नवी, चकचकीत. ओव्हनकडच्या सॉकेटचं पांढरं प्लॅस्टिक एका बाजूने चहाच्या डागासारखं तपकिरी झालेलं. आतला पत्र्याचा जबडा फाकलेला, आणि जिथे तो तांब्याच्या तारेला दाबून बसवलेला असतो तिथे हिरवट भुकटी. आमचं घर भाट्याच्या खाडीपासून लांब नाही. रत्नागिरीत पावसाळ्यात तीन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो, आणि उरलेलं वर्षभर खारा वारा. उघड्या तांब्याला एवढं पुरतं.

मग सेन्सर बदलल्यावर ओव्हन काही महिने चालत कसा होता? नवा सेन्सर आपली नवी पिन घेऊन येतो, पण ती जाऊन बसते त्याच जुन्या सॉकेटात. बदलताना कनेक्टर काढला-घातला जातो, त्या घासण्याने गंजाचा वरचा थर खरवडला जातो आणि संपर्क तात्पुरता सुधारतो. पार्ट बदलल्यामुळे ओव्हन बरा झाला असं मलाही वाटलं, टेक्निशियनलाही वाटलं. कनेक्टर नुसता दोनदा काढून घातला असता तरी तेवढेच महिने मिळाले असते. तुमच्याकडेही सेन्सर बदलल्यावर दुखणं काही आठवडे किंवा महिने थांबून परत येत असेल, तर सगळ्यात आधी कनेक्टरच बघा.

दुरुस्ती कशी केली

सॉकेटचं टोक कापलं. तार आतून काळी पडली होती, म्हणून लख्ख तांबं दिसेपर्यंत मागे कापत गेलो. तीनेक सेंटिमीटर गेली. मग उष्णता सोसणारं नवं टर्मिनल क्रिंपिंगच्या पकडीने दाबून बसवलं आणि ओढून बघितलं. साध्या पकडीने चेपलेलं टर्मिनल महिन्याभरात सैल होतं, तेव्हा क्रिंपिंगची पकड कुणाकडून तरी मागून आणा. वायर आखूड पडली तर मध्ये छोटा सिरॅमिक कनेक्टर घालता येतो. वरून काचेच्या धाग्याची नळी चढवली.

काही गोष्टी मुद्दाम टाळा. इथे सोल्डर करू नका: नेहमीचं शिसं-कथलाचं सोल्डर १८३ अंशांना वितळतं, आणि ओव्हनच्या भिंतीला लागून असलेल्या जागेत त्यावर विसंबून चालत नाही. इन्सुलेशन टेप तर मुळीच नको, तिचा चिकट लगदा होतो. तारा नुसत्या पिळून जोडणं हे तर नव्या दोषाला आमंत्रण. कॉन्टॅक्ट क्लीनरचा फवारा गंज काढतो, पण फाकलेल्या जबड्याला पकड परत देत नाही. मारलाच तर प्लग काढून मारा आणि पूर्ण वाळेपर्यंत ओव्हन लावू नका, क्लीनर बहुधा पेट घेणारा असतो.

दोष कनेक्टरमध्ये नसेल तर

सेन्सरच्या पिनांवरच आकडा चुकला, तर सेन्सरची खातरी करून घ्या. ठेचलेला बर्फ आणि थोडं पाणी एका पेल्यात घेऊन दांडीचं टोक त्यात दोन-तीन मिनिटं धरा. पीटी १००० ने १००० च्या जवळ यायला हवं. मग उकळत्या पाण्यात: १३८५. फक्त धातूचं टोक बुडवा, वायरीवरची विणलेली नळी भिजवू नका, ती पाणी शोषते. आणि हो, १३८५ हा आकडा समुद्रसपाटीचा. पुण्यात पाणी ९८ अंशांच्या आसपास उकळतं, महाबळेश्वरला ९५-९६ ला. तिथे आकडा ७ ते १९ ओहम कमी आला तर सेन्सरला नावं ठेवू नका.

मग मीटर सगळ्यात मोठ्या ओहम रेंजवर ठेवून एक प्रोब सेन्सरच्या पिनेवर आणि दुसरा स्टीलच्या दांडीवर लावा. काहीच कनेक्शन दिसता कामा नये. आकडा दिसला तर आत ओल किंवा तडा आहे. या चाचणीत प्रोबच्या टोकांना बोटं लावू नका, नाहीतर मीटर तुमच्या अंगाचाच रेझिस्टन्स दाखवेल.

सेन्सर खरंच गेला असेल तर नवा घेताना नुसतं ‘ओव्हनचा सेन्सर द्या’ म्हणू नका. मॉडेल नंबर सांगा आणि दुकानातच मीटर लावून मोजा. पीटी ५०० च्या ओव्हनला पीटी १००० लावला तर खोलीतल्या तापमानालाच बोर्डाला सव्वातीनशे अंश दिसतात आणि सुरू करताक्षणी एरर येते. उलट केलं तर बोर्डाला शून्याखाली शंभर अंशांपेक्षाही थंड दिसतं, तेव्हाही एरर. नवाकोरा पार्ट लावून एरर हलली नाही की लोक बोर्ड बदलायला निघतात, आणि बोर्ड हा ओव्हनमधला महागड्या भागांपैकी एक.

बोर्डाची परीक्षा मात्र अगदी थोडक्यात होते. इलेक्ट्रॉनिक्सच्या दुकानातून १.१ किलो-ओहमचा एक रेझिस्टर आणा (पीटी ५०० असेल तर ५६० ओहमचा). प्लग काढलेला असताना तो सेन्सरच्या जागी बोर्डाच्या पिनांना जोडा, पॅनेल परत लावा, मगच वीज सुरू करा. बोर्डाला आता खोलीचं तापमान दिसतंय. एरर गेली तर बोर्ड ठीक, दोष वायरीत किंवा सेन्सरमध्ये. एरर तशीच राहिली तर दोष बोर्डाकडे. या अवस्थेत ओव्हन तापवायला चुकूनही लावू नका. रेझिस्टर कधीच गरम होत नाही. बोर्डाला शेवटपर्यंत २५ अंशच दिसतील आणि कॉइल सुरूच राहील. डिस्प्ले बघा, वीज बंद करा, प्लग काढा, रेझिस्टर काढून घ्या.

आणि एक धोक्याची खूण. तापमान लावलेलं नसताना किंवा बंद केल्यावरही कॉइल लाल राहत असेल, तर सेन्सर शोधत बसू नका. बोर्डावरचा रिले (कॉइल सुरू-बंद करणारा स्विच) चिकटलेला असतो. ताबडतोब मेन बंद करा आणि बोर्ड दुरुस्त होईपर्यंत ओव्हन लावू नका.

आमचं काम झाल्यावर अप्पांनी ओव्हनशेजारच्या कपाटाच्या आतल्या बाजूला पेन्सिलीने तारीख आणि दोन आकडे लिहिले: सेन्सर १११३, बोर्ड १११४. त्यानंतर जवळजवळ अख्खा पावसाळा गेला. परवा गोकुळाष्टमीच्या आदल्या दिवशी ओव्हन पुन्हा बाहेर ओढून मोजला. खोलीत २८ अंश होते. खाली मी माझ्या हाताने लिहिलं: सेन्सर ११०९, बोर्ड १११०.